तिसरी मुळी

…नाई नाई, सुपारी नका दाखवू मले! अन् हसू बी नका. तुमाले सांगतो, ज्याची दाढ ठनकते त्यालेच कळते, बाकीच्यायले निरा तमाशा! आता पाहा, मी मारोतराव, जऊळक्याचा, वीस वर्सं झाली कुंदा खांदून राह्यलो. कुंदा मंजे… थे गवत हो! वर बोटभर हिरवं दिसते अन् खाली कमरेएवढी खोल मुळी. बारा मानसाची टोळी घेऊन भर वैशाखात लोकायचे वावरं उलथेपालथे करतो, काहून का मुळी राह्यली तं फुटतेच! नखाएवढी राह्यली तरी फुटते. अन् अशा मानसाच्या, बाप्पा, माह्याच तोंडात मुळी राह्यली!

झालं काय, डावीकडच्या दाढा तं कवाच्याच गेल्या, गावच्या दौलतसिंग लोहारानं सांडशीनं उपटल्या. उजवीकडं भाकर चावाले एकच दाढ उरली, अन् नेमकी थेच ठनकाले लागली! थे गेली का उरला जन्म भाकर दुधात कुस्करून खा, लेकरावानी! आमची गोजराबाई म्हने, "जा दौलतसिंगाकडं, एका झटक्यात काम." म्या म्हनलं, "हाओ, अन् मंग हुरडा तू चावून देशीन का मले?"

मंग कोनं तरी सांगतलं, अकोल्याले दाताचा डाक्तर आला, दाढ उपटत नाई, तिची नस मारते, मुळ्या साफ करते, अन् दाढ जागच्या जागी! बसलो गाडीत. डाक्तर तरना पोऱ्या, चष्मेवाला. मले खुर्चीत उताना पाडलं, अन् ते यंत्र… शिंप्याच्या मशीनीवानी पायानं हानते अन् दाढेत घर्रर्र! पहिल्या खेपेले औसद भरून नस मारली, दुसऱ्या खेपेले केसाएवढ्या सुया घालून मुळ्या खरवडल्या. म्हने, "दोन मुळं, मारोतराव, दोन्ही साफ." अन् वरून बुजवून टाकलं. मी खुश! म्हनलं, हा तं आपल्याच धंद्यातला निघाला, हाही कुंदाच खांदते!

गावात मिरवलं ना, तुमाले काय सांगू! दिसन त्याले तोंड वासून दाढ दाखवली. शेजारच्या शालिग्रामनं तं बोट घालून पाह्यलं. दोन महिने भाकर अशी चावली, अशी चावली… अन् एक दिवस ठेचा-भाकरीचा पहिलाच घास, अन् आयो! हिरडीले फोड, गाल टम्म, जसा कांदा धरला तोंडात! मुळी राह्यली तं फुटतेच, हे मले कोनं सांगाचं? गोजराबाई निरा दौलतसिंगाच्या घराकडं पाहे.

मी म्हनलं, थांब! आता त्या डाक्तरालेच धरतो. गाडीत बसल्या बसल्या सारी भांडनं तयार. काहून का… कोनाले सांगू नका हं… कुंदा पुन्हा फुटला का वावरवाल्याले काय सांगाचं, हे मले पाठ हाये ना! "तुमची जमीनच चिवट." "तुमी वखर लवकर हानला." "हा आमचा नाई, शेजारच्या धुऱ्या-बांधावरून आला!" वीस वर्सं हेच सांगत आलो. म्हनलं, हाही हेच सांगन. "तुमची दाढच वाकडी, तुमी सुपारी फोडली, हे दुखनं शेजारच्या दातातून आलं!" सांग ना बेट्या, एकेकाले असा जवाब देतो का…

गेलो. तोंड वासलं. त्यानं सुई घातली, इकडं टोचलं, तिकडं टोचलं, मी बोंबललो. अन् थो काय म्हनते? "मारोतराव, खालच्या दाढेला बहुतेक दोनच मुळं असतात. तुमच्या दाढेला तिसरं आहे. बारीक, आतल्या बाजूला. मला ते सापडलं नव्हतं. चूक माझी आहे. पुन्हा उघडावी लागेल."

चूक माझी? असं म्हनता येते? माह्या साऱ्या भांडनाचं पानी झालं! मी वासलेल्या तोंडानं तसाच पडून, अन् त्याले वाटलं मी हाओ म्हनून राह्यलो, त्यानं मशीन सुरूच केली! म्या मधातच इचारलं, "वाचते का नाई?" म्हने, "तिसरं मूळ साफ झालं तर वाचेल. नाही तर काढावीच लागेल." आठ-आठ दिवसानं चार खेपा. त्यात बुजवाचा मसाला विलायतेचा, अन् तिकडं लढाई सुरू, बोट येत नाई! तीन आठोडे कापसाच्या बोळ्यावर काढले, देवाचं नाव घेत. पन वाचली! दाढ वाचली! घरी आलो, भाकर चावली, अन् खोटं कायले सांगू, रडलो मी.

आता खुशीत राहाव का नाई मानसानं? दुसऱ्याच दिवशी जगदेवराव दारात हजर. मागच्या साली त्याचं वावर माह्याच टोळीनं खांदलं होतं. "काहून रे मारोत्या, कुंदा तं पुन्हा फुटला!" आता जिभेवर होतंच ना, जमीन चिवट… पन डाक्तराचं वारं लागलं का काय, मी म्हनलं, "जगदेवराव, मुळी राह्यली. चूक माही हाये. पुन्हा खांदून देतो."

त्यानं मले खालून वरपावतर पाह्यलं. माह्या कपाळाले हात लावून पाह्यला. अन् गावभर सांगत सुटला, "अकोल्याच्या डाक्तरानं मारोत्याची भलतीच नस मारली, दाढेची सोडून डोक्याची!" वीस वर्सं खोटं बोललो तं लोकं माना डोलवत. एक डाव खरं बोललो, तं आता कोनी वावर देऊन नाई राह्यलं! म्हनते, "मारोतराव, आंदी बरे व्हा, मंग खांदा."