वाळुंजावरचे अकरा तुडतुडे

माझ्या चिमुरडीच्या हातून डब्याचं झाकण पडलं आणि डोळ्यांच्या दवाखान्यातली शांतता मोडली. समोर डोळ्यांत थेंब घातलेले म्हातारे सर बसले होते, शेजारी त्यांची कीटकशास्त्राची विद्यार्थिनी.

"सर, तो तुडतुडा नव्या जातीचाच निघाला. आजवर कुणी नोंदवलेला नाही."

"मग आवाज का उतरलाय तुझा?"

"ओढ्याकाठची वाळुंजाची झाडं तोडली. बुंधेसुद्धा उपटले."

"दुसऱ्या वाळुंजांवर शोध."

"सहा आठवडे शोधतेय. एकही नाही."

"आपण किती धरले होते?"

"अकरा. स्पिरिटात आहेत."

"आणि झाडावर किती सोडले होते?"

"तुम्हीच म्हणालात ना सर, वर्णनाला भरपूर नमुने लागतात, एकही सोडू नकोस."

"म्हणालो खरा. गाढव आहे मी."

"नाहीतरी झाडांबरोबर गेलेच असते."

"माझी समजूत घालू नकोस, पोरी. वर्णन लिहायला घे. नाव काय देतेस?"

"तुमचंच देऊ?"

"मारणाऱ्याचं नाव देतात होय? वाळुंजाचं दे."

चिमुरडीने माझी ओढणी ओढली.

"आई, नाव ठेवल्यावर त्यांना हाक कोण मारणार?"