बरं हाये जी

राजुऱ्याची, माजरीची मंडळी, आणि समोर बसलेल्या शालूवहिनी, मले शोकसभेत माईकवर बोलाची सवय नाई. पण वहिनी, तुमच्या मालकावर, सुधाकरभाऊवर मी नाई बोललो, तर कोण बोलन? आमचं नातं रक्ताचं नव्हतं. पोटदुखीचं होतं.

क्रोन्सचा आजार. आतड्याले आतून जखमा होतात. दोघांलेही तोच. नागपूरच्या दवाखान्यात नव्या अँटिबॉडी औषधाची चाचणी निघाली, तिथी आम्ही सोबतच नाव दिलं. एकाच गाडीनं जात होतो, संडासाजवळ जागा पकडून. भाऊ म्हणत, "आपली रिझर्व सीट हाये गड्या!" कोणाच्या सुईत औषध, कोणाच्या सुईत नुसतं मिठाचं पाणी, हे आम्हाले ठाऊक नव्हतं. डॉक्टरीणबाईलेही नाई.

बाई विचारत, "कसं वाटतं?" भाऊ हात जोडून म्हणत, "बरं हाये जी." रक्त पडून राह्यलं होतं, तरी बरं हाये जी! काऊन? तर बाई एवढा जीव लावते, तिले वाईट कसं सांगाचं? आपली रीतच हाये ना ही?

एकदा तपासणीत सारं उघडं पडलं. बाई रागावल्या नाईत. म्हणाल्या, "भाऊ, तुमच्या खोट्या 'बरं'वर उद्या दुसऱ्या कुणाला हे औषध देतील. चालेल तुम्हाला?"

परतीच्या गाडीत भाऊ आपल्या रिझर्व सीटवर बसले. मंग म्हणाले, "आता खरं सांगाचं गड्या. लाज वाटली तरी सांगाचं."

आणि त्यांनी सांगितलं. फायदा नाई, हेही सांगितलं. डॉक्टरांनी त्यांची चाचणी थांबवून दुसरा इलाज सुरू केला. पण आतडं फाटलं. ऑपरेशनच्या आधी मी विचारलं, "कसं हाये भाऊ?" तर म्हणाले, "बरं नाई गड्या." आणि हसले. तेच शेवटचं बोलणं.

आता मले पुढच्या सुईले जायचं हाये. बाई विचारतीन. वहिनी, मले बरं वाटते. खरंच वाटते. सकाळी पोटभर वरणभात खाल्ला. तुमच्यासमोर हे बोलताना जीभ रेटत नाई, पण खोटं बोललो तर भाऊ काय म्हणतीन?

वहिनी, सकाळपासून जो येते तो तुम्हाले विचारते, आणि तुम्ही हात जोडून म्हणता, "बरं हाये जी." नका म्हणू. इथी सारे आपलेच हायेत.

मंडळी, उभे राहू. थोडा वेळ कोणीच बोलू नका. वहिनी काही बोलल्या, तर तेवढं ऐकू.