ट्रामच्या थांब्याकडून चौथा जिना

नाव: लुत्सिना सोबान्स्का. वय: अडुसष्ट. व्यवसाय: निवृत्त ट्रामचालक. राहणार: गदान्स्क, समुद्राजवळची लांब इमारत, ट्रामच्या थांब्याकडून चौथा जिना, सातवा मजला. जबाबाची तारीख: २४ डिसेंबर, संध्याकाळ. लिहून घेणार: हवालदार व्रोना.

मी समक्ष हजर राहून सांगते की, वरील पत्त्यावर मी एकटीच राहते. माझे पती झेनॉन बोटीवर इंजिनियर होते, ते गेल्या मार्चमध्ये वारले. मुलगा टोमेक आयर्लंडमध्ये असतो. तो यंदा नाताळला येणार होता, आला नाही. का आला नाही ते त्याला विचारा. मी विचारलेलं नाही.

आज संध्याकाळी मी ठाण्यात फोन करून कळवलं की माझा पाहुणा बेपत्ता आहे, आणि त्याचा घात करणारा चोर माझ्या दाराशी उभा आहे. त्यावरून तुमच्या गाडीने ज्यांना उचलून आणलं ते श्री. विटोल्ड कुबियाक बाहेर बाकावर बसलेत. त्यांना सोडायचं की ठेवायचं हे माझ्या जबाबावर आहे, असं हवालदारसाहेब म्हणतात. तर जरा भराभर लिहा. त्यांच्या घरी सणाचं जेवण अर्धवट पडलंय. मी पहिल्यापासून सांगते. मध्ये मध्ये थांबवू नका आणि मला आजी म्हणू नका.

पाहुण्याचं नाव नोदार क्विरिकाद्झे, वय बहात्तर, राहणार बातुमी, जॉर्जिया. तरुणपणी झेनॉनची बोट त्यांच्या बंदरात दुरुस्तीला अडकली होती आणि तिथेच झेनॉनचं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं. नोदार बंदरात क्रेन चालवायचे. ओळख ना पाळख, त्यांनी झेनॉनला दवाखान्यातून उचलून स्वतःच्या घरी नेलं आणि बोट सुटेपर्यंत ठेवून घेतलं. त्यांच्या आईने त्याला चमच्याने सूप भरवलं. शेवटच्या आजारातसुद्धा झेनॉन त्या सुपाची आठवण काढायचा. माझ्या सुपाची नाही.

आमच्याकडे या, असं झेनॉन त्यांना दर वर्षी कळवायचा. ते कधी आले नाहीत. यंदा ऑक्टोबरमध्ये त्यांचा फोन आला. आमचं बोलणं रशियनमध्ये होतं, शाळेत शिकलेलं जेवढं उरलंय तेवढ्यात. म्हणाले, "वहिनी, नाताळला येतो. झेनॉनच्या टेबलाशी बसायचंय." मी म्हटलं, या. फोन ठेवला आणि सगळ्या घराचे पडदे धुवायला काढले. आज पहिला तारा दिसल्यावर सणाच्या जेवणाला टेबलाशी माझ्यासमोर कोणीतरी बसलेलं असावं, एवढंच मला हवं होतं. हे लिहा, नाही तर नका लिहू.

पाहुणे शनिवारी आले. त्यांना शहर दाखवायचा मी बेत आखला होता. कोणत्या थांब्यावर उतरायचं, कुठून चालायचं, सगळं ठरलेलं. पण हा माणूस ट्राममध्ये चढला की आधी पुढे जाऊन चालकाशी हात मिळवणार! मी म्हटलं, "अहो भाऊजी, चालकाशी बोलायला मनाई आहे, पाटी लावलीय." तर म्हणे, "वहिनी, मी बोललो कुठे? नुसता हात मिळवला." मी उभ्या आयुष्यात ट्रामशिवाय काही चालवलं नाही. माझ्याशी एकाही उतारूने कधी हात मिळवला नाही. ते असो.

नदीकाठी जुनी लाकडी क्रेन आहे. ती बघून पुढे मोठ्या चर्चमध्ये जायचं होतं. नोदार तिथल्या रखवालदाराला धरून बसले. ओझं किती उचलायची, ती फिरवायच्या चाकात माणसं किती चालायची, दोर तुटला तर काय करायचे. रखवालदाराला रशियन येत नाही आणि नोदारना पोलिश येत नाही, तरी दोघांचं असं जमलं की विचारू नका. चर्च बंद झालं. मी थंडीत पाय आपटत उभी. शेवटी रखवालदाराने मला विचारलं, "काय हो बाई, तुम्हाला नाही का बघायची क्रेन?"

दुसऱ्या दिवसापासून मी म्हटलं, जा बाबा एकटे, हिंडा हवं तसं. तर रोज कोणीतरी त्यांना घरी पोचवायला यायचं. एकदा सफरचंदं विकणारी बाई, एकदा एक पाद्री. सगळ्यांना आत बोलवायचं, सगळ्यांना चहा करायचा. शहर बघायला गेलेला माणूस अर्धं शहर घेऊन घरी यायचा.

म्हणून मी त्यांना पत्ता पाठ करून दिला: ट्रामच्या थांब्याकडून चौथा जिना, सातवा मजला, गवताचा तारा लावलेलं दार. जिन्यांवरचे आकडे कधीच पुसले गेलेत. लावतो लावतो म्हणून सोसायटी वर्षानुवर्षं टोलवतेय, तेही लिहा. तारा मी शनिवारी मुद्दाम खुणेसाठी लावला. तेव्हा आमच्या अख्ख्या सज्ज्यात तसा तारा फक्त माझ्या दाराला होता. आज सणाला तो दर दुसऱ्या दाराला असणार, हे माझ्या डोक्यात आलं नाही. मान्य.

आता माशाबद्दल. सणासाठी मी जिवंत कार्प आणून न्हाणीच्या टबात सोडला होता. सगळेच सोडतात. नोदार स्टूल घेऊन टबाशेजारी बसायचे आणि त्याच्याशी गप्पा मारायचे. काल म्हणाले, "वहिनी, मी याचं नाव झेनॉन ठेवलंय." मी कपाळाला हात लावला. म्हटलं, "भाऊजी, उद्या मी ज्याला कापणार त्याला माझ्या नवऱ्याचं नाव?" त्यांनी स्टूल टबाच्या आणखी जवळ ओढलं. तिथेच मी ओळखायला हवं होतं.

आज सकाळी मी सुरीला धार लावत असताना ते सारखे मध्ये येत होते. माझा तोल गेला. मी विचारलं, "तुम्ही इथे सणाला आलात की माझा छळ करायला?" ते म्हणाले, "वहिनी, तुम्ही फार रागावता. झेनॉनने सांगितलं होतं, पण मला वाटलं तो वाढवून सांगतोय." मी सुरी ठेवली आणि खसखस आणायला बाजारात गेले. परत आले तर टब रिकामा, बादली गायब, पाहुणा गायब. त्यांचा फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला. खुंटीवरची झेनॉनची केसाळ टोपी नव्हती. ती मीच त्यांना वापरायला दिली होती.

त्यांनी मासा समुद्रात सोडला. कार्प हा तळ्यातला मासा आहे. हे त्यांना आत्ता बाहेर सांगितलं तर म्हणतात, "पोहता येतं ना त्याला?"

मी टेबल मांडलं. चादरीखाली गवत, वर तीन ताटं. एक माझं, एक झेनॉनच्या जागी नोदारसाठी, आणि तिसरं अवचित दाराशी येणाऱ्यासाठी रिकामं, सगळ्यांकडे असतं तसं. चारच्या सुमारास आकाशात पहिला तारा दिसला. आमच्यात तारा दिसल्यावर जेवायला बसतात. मी बसले नाही. सूप पुन्हा पुन्हा गरम केलं. टोमेकचा फोन आला, त्याला म्हटलं, "पाहुणे बसलेत, नंतर बोलू." सकाळी मी बोलले ते त्यांच्या मनाला लागलं असेल, असं वाटत होतं. समुद्रकाठी बर्फ झालेला, तिथे पाय घसरला असेल, असंही वाटत होतं. दोन्ही विचार सारखेच छळत होते.

सहाच्या सुमारास घंटा वाजली. मी धावले. दाराच्या भोकातून बघितलं तर अनोळखी, आडदांड माणूस. अंगात कोट नाही, धापा टाकतोय, आणि हातात झेनॉनची टोपी. ती टोपी मी अंधारातही ओळखीन, तिचं अस्तर मी शिवलंय. मी साखळी लावली आणि ओरडले, "पोलिसांना बोलावते!" तो म्हणाला, "बोलवा बाई, पण आधी सांगा, लुत्सिना तुम्हीच का?" माझं नाव त्याला कसं ठाऊक? मी फोन केला आणि "चोर" हा शब्द वापरला. "खुनी" हाही वापरला.

तुमची गाडी आल्यावर श्री. कुबियाक काहीतरी समजावून सांगत होते. मी इतकी किंचाळत होते की कोणाचं कोणाला ऐकू येत नव्हतं. त्यांच्याकडे ओळखपत्र नव्हतं, कारण ते घरी कोटात होतं. त्यांना घरी नेऊन कोट का दिला नाही, ते तुमचं तुम्ही बघा.

आम्ही इथे येऊन बसतोय तोच नोदार हजर. हातात माझी बादली, सोबत श्री. कुबियाक यांच्या सासूबाई गेनोवेफा आणि दोन नातवंडं. जावयाला पोलिसांच्या गाडीत बसवताना त्यांनी खिडकीतून पाहिलं होतं. मला एकदम रडू आलं आणि मी नोदारना शिव्या दिल्या. पोलिशमध्ये, म्हणजे त्यांना कळल्या नसाव्यात.

मग उलगडा झाला तो असा. मासा सोडून नोदार समुद्राच्या बाजूने परत आले आणि त्या टोकाकडून जिने मोजले. चौथा जिना, सातवा मजला, गवताचा तारा. घंटा वाजवली. गेनोवेफाबाईंनी दार उघडलं. समोर भिजलेला म्हातारा, हातात रिकामी बादली. त्यांनी त्याला आत घेतलं, मोजे बदलायला दिले आणि रिकाम्या ताटावर बसवलं.

मी गेनोवेफाबाईंना म्हटलं, "अहो, कोण, कुठला, काही विचारलं नाहीत?" त्या म्हणाल्या, "आजच्या दिवशी दाराशी आलेल्याला विचारतात होय? मग ताट मांडायचं कशाला?"

मी नोदारना म्हटलं, "आणि तुम्ही? मी घरात नाही हेही दिसलं नाही?" ते म्हणाले, "मला वाटलं, तुमचे नातेवाईक आलेत आणि तुम्ही शेजारी काही आणायला गेलात. आमच्यात पाहुणा असले प्रश्न विचारत नाही, घरच्यांचा अपमान होतो." तर अशा रीतीने दोन्ही बाजूंच्या चांगल्या वळणापायी मी दोन तास खिडकीत उभी.

तिथे त्यांनी कार्प दोनदा मागून घेतला, हे नातवाने सांगितलं. मी म्हटलं, "तो चालला का तुम्हाला?" तर म्हणतात, "त्याचं नाव मी विचारलं नव्हतं, वहिनी."

जेवण होत आल्यावर नोदार ग्लास घेऊन उभे राहिले. त्यांच्याकडे तशी पद्धत आहे, गेलेल्या माणसाचं नाव घेतल्याशिवाय जेवण पुरं होत नाही. त्यांनी टोपी छातीशी धरली आणि झेनॉनबद्दल बोलले. दवाखाना, आई, सूप, सगळं. मग म्हणाले, आता लुत्सिनाला बोलवा, तिच्याशिवाय पुढे पिणार नाही. गेनोवेफाबाईंना लहानपणीचं थोडं रशियन येतं. त्यांच्या लक्षात आलं की या इमारतीत कुठेतरी एक लुत्सिना ताट मांडून बसलीय. श्री. कुबियाक टोपी खूण म्हणून घेऊन तसेच उठले. त्या टोकापासून एकेक जिना चढत, दारं वाजवत माझ्यापर्यंत आले. पुढचं वर आलंय.

हवालदारसाहेबांनी विचारलं की, अवचित येणाऱ्यासाठी ताट मांडलं होतं तर दार का उघडलं नाही. विचारल्यावरून सांगते की टोपी बघून मी घाबरले. ते खरंच आहे. तरी विचारलंत म्हणून सांगते, लग्न झाल्यापासून ते ताट मी दर वर्षी मांडतेय. धुतलेलं मांडायचं आणि धुतलेलंच उचलायचं. पुढचा प्रश्न विचारा.

श्री. कुबियाक यांच्याविरुद्ध माझी काही तक्रार नाही. "चोर" आणि "खुनी" हे शब्द मी परत घेते. त्यांची मी बाहेर माफी मागितली. ते म्हणाले, "ते राहू दे बाई, कुडकुडतोय, आधी घरी चला." मी म्हटलं, तुम्ही जा, माझं घरी सगळं केलेलं आहे. तेव्हा गेनोवेफाबाई म्हणाल्या की रिकाम्या ताटावर नोदार बसल्यावर त्यांनी लगेच दुसरं रिकामं ताट मांडलं, कारण ते असायलाच लागतं. ते अजून तसंच आहे.

नोदार क्विरिकाद्झे सुखरूप सापडले. माशाबद्दल माझी तक्रार आहे, पण ती मी घरी बघते.

वरचं सगळं हवालदार व्रोना यांनी मला मोठ्याने वाचून दाखवलं. त्यात "आजी" दोन ठिकाणी आलं होतं, ते खोडून घेतलं. बाकी माझ्या सांगण्याबरहुकूम आहे. फक्त सुरुवातीचा पत्ता आजच्या संध्याकाळपुरता बदलून घ्यावा. माझी गरज लागली तर समुद्राकडून चौथा जिना, सातवा मजला. दार कोणतं ते खात्रीने सांगता येत नाही, तिथे सगळ्याच दारांना तारे आहेत. कुठलीही घंटा वाजवा, उघडतील.

सही: लुत्सिना सोबान्स्का