बिनसाखरेचा फक्कड चहा

हाताचे व्यायाम करून घेणाऱ्या दवाखान्यात माझ्या शेजारी एक म्हातारं जोडपं नंबरची वाट बघत बसलं होतं.

"कालचा चहा कसा झाला होता?" आजोबांनी विचारलं.

"सांगितलं की काल. फक्कड."

"मी साखर घालायलाच विसरलो होतो. रात्री आठवलं."

"असेल."

"याला मस्का लावणं म्हणतात."

"मस्का लावतात तो काम काढून घ्यायला. तुमच्याकडून आजवर कुणाला काम काढून घेता आलंय?"

"मग फक्कड कशाला म्हणालीस?"

"कप उजव्या हाताने आणलात म्हणून."

"निम्मा सांडला."

"बशीत सांडला. गेल्या महिन्यात लादीवर सांडत होता."