खडकदरीच्या माळावर गाणं शोधायला आलेली लेकरं

दिनांक 17/02/2025

मी जनकाबाई भ्र. संपतराव पोले, वय 56 वर्षे, व्यवसाय मेंढीपालन व शेती, रा. मौजे खडकदरी, ता. सेनगाव, जि. हिंगोली. पोलीस ठाण्यात स्वतः हजर होऊन सांगते की, मी मुलगा राम व सून सत्यशीला यांच्यासह वरील ठिकाणी राहते. पती चार वर्षांपूर्वी मयत झाले. आमच्या बेचाळीस मेंढ्या आहेत.

दि. 09/02/2025 रोजी रविवारी सकाळी दहाच्या सुमारास मी माळावर मेंढ्या कातरत असताना हिंगोलीच्या कॉलेजातील देविदास, प्रतिक्षा व दीक्षा असे तिघे आले. मी त्यांना पूर्वी ओळखत नव्हते. स्नेहसंमेलनात दाखवण्यासाठी ते स्वतः रचलेल्या गाण्याचा व्हिडिओ करणार होते. गाणे मेंढपाळावर होते. त्याआधी काम डोळ्यांनी बघायचे, असे ते म्हणाले. मेंढी कातरताना कशी धरता, काय गाता, हे विचारून प्रतिक्षाने लिहून घेतले. कोणत्या ओळीला काय दाखवायचे त्याची चित्रे तिच्या वहीत होती. चित्रातल्या मेंढ्या पांढऱ्या होत्या. आमच्या काळ्या आहेत. मी तसे म्हणाले तेव्हा तिने तिथेच बसून सगळ्या पेनाने काळ्या केल्या.

देविदास याने मला गायला लावले. मी गायले. त्याने डोळे मिटून ऐकले व "मावशी, आमची चाल चुकली," असे म्हणाला. जाताना गुरुवारी परत येतो म्हणाले. ही गोष्ट मी घरी सांगितली नाही. गाणे गायले हे सांगायला लाज वाटली.

दि. 13/02/2025 रोजी गुरुवारी दुपारी चारच्या सुमारास ते गावात आले. कोणत्या जागी काय शूटिंग करायचे ते ठरवत होते, असे दीक्षाने मला नंतर सांगितले. शाळेजवळच्या लहान मुलांना त्यांनी माळाकडे पळायला सांगितले व मोबाईल धरून मागे निघाले. लेकरे पळवणारी टोळी फिरते, असा मेसेज आठ दिवसांपासून गावात सर्वांच्या मोबाईलवर होता. कोणीतरी ओरडले. वीस-पंचवीस लोक जमले.

मी गलका ऐकून माळावरून पळत आले. देविदास नळकांडी पुलाजवळ खाली पडला होता. दोन्ही मुली रडत होत्या. मी म्हणाले, "काहून मारून राहिले? माझ्याकडं आलेली लेकरं हायत ही." तेथे राम काठी घेऊन उभा होता. तो म्हणाला, "आये, तू घरी जाय. तुला कळत न्हाई." असे म्हणून त्याने माझ्यासमोर देविदासच्या डाव्या कानावर काठी मारली. मी देविदासच्या अंगावर आडवी पडले, त्यानंतर कोणी मारले नाही. दीक्षाने 108 ला फोन केला. मी गाडीत त्यांच्यासोबत हिंगोलीला गेले.

दुसऱ्या दिवशी घरी आले. गावातील काही लोक मला येऊन भेटले. गर्दीत कोणी मारले ते दिसले नाही, एवढेच सांग, असे म्हणाले. राम म्हणाला, "मला काय माहीत, आये? तू सांगितलं असतं तर म्या मारलं असतं व्हय?" सून तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही. तिला सातवा महिना आहे.

दि. 16/02/2025 रोजी मी दवाखान्यात गेले. देविदास जागा होता. मी बोलले ते त्याला कळले नाही. त्याने मला हाताने उजव्या बाजूला बसायला सांगितले. डाव्या कानाने त्याला आता ऐकू येणार नाही, असे डॉक्टरांनी सांगितल्याचे त्याच्या वडिलांनी मला सांगितले. ते माझ्यावर रागावले नाहीत. चहा पाजला. मी कोणाची आई आहे ते त्यांना माहीत नव्हते. मी सांगितले.

आज सकाळी मी एकटी एसटीने आले. घरी सांगून आले आहे. राम आडवा आला नाही. बाकीच्यांनी मारले असेल, पण मी फक्त रामला मारताना पाहिले. जबाब लिहिणाऱ्या पोलीस ताईंनी मला विचारले की, मुलाचे नाव लिहू का. मी व्हय म्हणाले. त्यांनी थांबून परत विचारले. मी परत व्हय म्हणाले व त्याचे पूर्ण नाव सांगितले, राम संपतराव पोले, वय 28 वर्षे.

लिहिलेले सर्व ताईंनी मला सावकाश वाचून ऐकवले. मी बोलले तेच यात आहे, बराबर आहे. सही येत नसल्याने डाव्या हाताचा अंगठा केला आहे.