ओटीवरचं धरण

अगं, आमच्या लेकीला, ओवीला शाळेत घालायचं नाय, घरीच शिकवायचं असं आमी ठरवलं, तेव्हापासून वर्षभर माझे वडील, अप्पा, आमच्याकडे सापगावला आले नव्हते. मुरबाडकडे मास्तर होते ना! परवा न कळवता दारात उभे. ओटीभर चिखल, मधे ओवीनं बांधलेलं धरण. मी घाबरून झाडू उचलला.

"आजोबा, पाय नका ठेवू, फुटंल!" ओवी ओरडली.

अप्पा थबकले. मग वाकून बघत म्हणाले, "याला सांडवा कुठंय गो?"

"सांडवा म्हणजे?"

"जादा पाण्याला वाट," म्हणत अप्पांनी पायजमा वर केला आणि चिखलातच बसले.

संध्याकाळी मी भीतभीत विचारलं, "अप्पा, शाळेचं बोलायला आलेलात ना?"

"ते राहू दे. उद्या आमाला कालवा काढायचाय."