पाकिटाला नदी ओलांडायचा परवाना

"हॅलो? … हो, टपाल-फार्मसी. … मीच, लोरेटा. … कोण, ग्लेनिस? परवाना मंडळातली? … अगं बाई, एकवीस दिवस तुमच्या फोनवरचा पियानो ऐकतेय मी! … नाही, नाही, नंतर नको. आत्ता ठेवलास तर पुन्हा एकवीस दिवस. … आवाज येणारच. … मिक्सर नाही गं, करवत आहे. मोटरची, झाडं पाडायची. … छे, आमच्याकडे कुठली झाडं! दार कापतोय."

लोरेटा व्होन्द्राचेक टेबलाखाली बसून बोलत होती. मिसिसिपी नदीच्या काठावरच्या त्या गावात (पलीकडच्या काठावर दुसरं राज्य) पूर्वी जिथे चेंडू घरंगळवायच्या बोलिंगचा क्लब होता, तिथे आता टपालाने औषधं पाठवणारी फार्मसी होती. दार मात्र क्लबच्या वेळचंच, जाड ओकचं. त्या दारातून करवतीचं पातं वीतभर आत आलेलं तिला केबिनच्या काचेतून दिसत होतं. सकाळचे दहा वाजून वीस मिनिटं झाली होती. पॅकिंगच्या बायका मागच्या दाराने रांगेत पळून गेल्या होत्या. आग लागल्यावर कसं पळायचं याची तालीम दर तीन महिन्यांनी होत असे. करवतीची नव्हती, पण त्यांनी निभावून नेलं.

"कोण म्हणजे, आर्लन टेफ्ट. तुमच्या राज्यातला, पुलापलीकडचा. जेमतेम चार मैल. झाडं पाडायचा धंदा आहे त्याचा. … नाही गं, वेडा नाही. बायकोच्या गोळ्या न्यायला आलाय. … किडनी बसवलीय तिला. यानेच दिली, स्वतःची. … हो, नवऱ्याची जुळली. आता शरीराने ती परकी म्हणून झिडकारू नये, यासाठी सकाळ-संध्याकाळ गोळी. आम्हीच पाठवत होतो. पहिल्या तारखेला तुमच्या राज्यात औषध धाडायचा आमचा परवाना संपला, आणि पाकीट माझ्या टेबलावर अडकलं. पत्ता घातलेलं, तिकीट चिकटवलेलं! परवा तिची शेवटची गोळी झाली. आज पहाटेपासून ताप. … तुमच्या बाजूच्या दुकानात ती ठेवत नाहीत. मागवली की चार दिवस. … ऐक ना, परवान्याचं बोल."

दाराचा वरचा अर्धा भाग आत कोसळला.

"काही नाही, अर्धं दार पडलं. … संपला कसा म्हणजे? ग्लेनिस, तीनदा तूच फॉर्म परत धाडलास! … हो, प्रमुख फार्मासिस्ट बदलला की जाणाऱ्याची सही लागते, पाठ आहे मला. पण आमचा जुना प्रमुख मर्विन वारला गं. … फेब्रुवारीत. … दाखला जोडलाय, चौथं पान. … 'मृत्यूचा दाखला सहीऐवजी चालेल असं कुठे म्हटलेलं नाही.' बरं. मग मेलेल्या माणसाने सही करावी असं तरी कुठे म्हटलंय? … तेही नाही. … नाही, त्याची सही मी ठोकून देणार नाही. इतर करत असतील. बावीस वर्षांत मी फॉर्मवर खोटी रेघ ओढलेली नाही. … थांब हं, तो आत आला."

आर्लन टेफ्ट उरलेल्या अर्ध्या दारावरून टांग टाकून आत आला. सहा फूट तीन इंच उंच, अंगात लाकडाच्या भुशाने माखलेलं चौकड्याचं जाकीट, डोळ्यांत दोन रात्रींचं जागरण. पहारेकरी डेल्बर्ट शाळेत असताना कुस्तीत जिल्ह्यात दुसरा आला होता आणि तेव्हापासून पहिला येण्याची वाट पाहत होता. त्याने आग विझवायचा लाल सिलिंडर उचलला आणि आर्लनच्या डोक्यात घातला. टाळूपासून भुवईपर्यंत कातडी उसवली. आर्लन मटकन बसला, जरा विचार केल्यासारखा थांबला आणि उठून त्याने करवतीच्या मोटरची बाजू डेल्बर्टच्या नाकावर हाणली. नाक एका बाजूला गेलं, डेल्बर्ट दुसऱ्या बाजूला. पडताना त्याने मनगटावर भार घेतला. काचेआडूनही लोरेटाला ते मोडल्याचं ऐकू आलं.

"… आमचा पहारेकरी पडला. … श्वास चाललाय, शिव्या देतोय. … आता पट्टा कापतोय. पाकिटं सरकतात तो. … थांब, अजून खाली वाकते."

कापलेला रबरी पट्टा ताणातून सुटला आणि चाबकासारखा फिरला. गोळ्या मोजायच्या यंत्राची काच गेली, यंत्र गेलं, यंत्रामागचं घड्याळ गेलं. रक्तदाबाच्या तीस हजार गुलाबी गोळ्या खाली सांडल्या आणि घरंगळत डेल्बर्टकडे निघाल्या. जमीन अजून बोलिंगचीच होती, गुळगुळीत लाकडी. मग केबिनची काच फुटली आणि करवतीसकट आर्लन आत आला.

"हॅलो? … हो, इथेच आहे. केबिनला आता काच नाही. … आर्लन, ती बंद कर आधी. फोनवर ऐकू येत नाही. … बंद केली, गुणाचा आहे. … मंडळाशी बोलतेय रे, तुझ्याच कामाचं. … हो, तुझंच राज्य. … ग्लेनिस, तो विचारतोय, तुझं ऑफिस कितव्या मजल्यावर आहे. … नाही सांगितलंस तरी चालेल."

आर्लनच्या कपाळावरून रक्त टेबलावर टपटपत होतं. टेबलाच्या मधोमध पाकीट होतं. लोरेटाने हात वर करून ते बोटभर बाजूला सरकवलं, रक्त लागू नये म्हणून.

"हे बघ आर्लन, हे तुझं पाकीट. नाव बघ. ट्रुडी टेफ्ट. … मी हातात देऊ शकत नाही. … ओरडू नकोस, सांगते. आमचा परवाना बंद दाराचा आहे. गिऱ्हाइकाने आत यायचं नाही, आम्ही हातात द्यायचं नाही, फक्त टपाल. दिलं, तर या बाजूचाही परवाना गेला. नऊ हजार घरी औषध जातं इथून. … हो, नऊ हजार ट्रुड्या. … मग तूच उचल ना! मी कुठे हात धरलाय? … काय? … ग्लेनिस, ऐकलंस? नाही म्हणतोय. म्हणे, मी चोर नाही. पाकिटावर आमचं नाव आहे, आमच्या हक्काचं आहे, तर द्या. चोरून नेणार नाही. … दार कापलं ते चालतं त्याला. चर्चमध्ये दानाची पेटी फिरवतो तो, नाव आहे गावात."

बाहेर डेल्बर्ट पडल्या पडल्या चांगल्या हाताने फोन करत होता.

"डेल्बर्ट, कुणाला लावलास? … अरे देवा. ग्लेनिस, शेरीफचे पोलीस निघालेत. दहा मिनिटं. आले की हे पाकीट पुरावा. पिशवीत घालून कपाटात, खटला उभा राहीपर्यंत. … आमच्याकडे? वर्ष तरी. … ट्रुडीकडे वर्ष नाही गं. आठवडासुद्धा नाही. … बोल ना काहीतरी. … ग्लेनिस? … पानं कसली उलटतेयस? … चोरी-दरोड्याचा फॉर्म? अगं, मी परवान्याचं विचारतेय आणि तू… बरं, वाच."

लोरेटा ऐकत राहिली. आर्लन ओठावरचं रक्त चाटत उभा होता. एक गुलाबी गोळी कुठूनशी घरंगळत येऊन तिच्या बुटाशी थांबली.

"पुन्हा वाच. सावकाश. … 'परवानाधारकाच्या ताब्यातून बळजबरीने नेलेलं औषध वितरित झालं असं धरू नये. हानी झाली असं धरावं.' … हानी! … आणि हानीला परवाना लागत नाही? … राज्याची हद्द ओलांडली तरी? … ग्लेनिस, तू सोन्याची आहेस! … बळजबरी झालीच आहे की, डेल्बर्टचं नाक बघायला ये. … कंत्राटी आहे म्हणून मोजत नाहीत? … डेल्बर्ट, तुला मोजत नाहीत. … त्याला वाईट वाटलं. … मग कुणावर झाली पाहिजे? 'औषध ज्या व्यक्तीच्या ताब्यात आहे तिच्यावर.' … म्हणजे माझ्यावर. … धमकी चालेल का? … 'प्रत्यक्ष.' … बरं."

ती टेबलाखालून बाहेर आली, गुडघे झटकले, चष्मा काढून खणात ठेवला. फोन कानालाच होता.

"आर्लन, मार मला. … मार म्हणते ना. थोबाडीत, कुठेही. … डोकं ठिकाणावर आहे माझं. … ग्लेनिस, म्हणतोय बाईवर हात उचलत नाही. … आणि डेल्बर्टवर उचललास तो? … म्हणे, त्याने सुरुवात केली. … नाही गं, मीच आपटून कसं घेऊ? मग ते खोटं होईल. त्यानेच मारायला हवं. … किती मिनिटं राहिली? … सहा. … ग्लेनिस, आता जे ऐकशील ते मनावर घेऊ नकोस. फॉर्मसाठी आहे."

तिने आवाज बदलला. बावीस वर्षं फोनवर लोकांना औषधाच्या वेळा समजावणारा तो गोड आवाज एकदम चाकूसारखा झाला.

"परवा संपल्या ना गोळ्या? मग परवा का नाही आलास? … आमच्या फोनवरच्या टेपवर काय सांगत होते? 'आपलं पाकीट वाटेवर आहे'? आणि तू ऐकत बसलास? बायको तापलेली, चार मैलांवर गोळ्या, आणि हा दोन दिवस टेप ऐकतोय! … काय करणार होतास म्हणजे? आज जे केलंस तेच परवा केलं असतंस, तर ताप आला नसता. … मागे सरकू नकोस. खरं सांग, किडनी देऊन झाली ना, मग जबाबदारी संपली असं वाटलं ना तुला? … उद्या ती गेली तर चर्चमध्ये पेटी फिरवत सांगत बस सगळ्यांना, 'मी तर आपली किडनी दिली होती…'"

मूठ आली ती तिला दिसलीसुद्धा नाही. झाडं पाडणाऱ्याची मूठ होती. लोरेटा खुर्चीसकट फायलींच्या कपाटावर गेली, कपाट तिच्यावर आलं, आणि वरच्या खणातून पाच वर्षांचे अर्ज दोघांवर पसरले. फोन वायरीला लोंबकळत, भिंतीवर टक टक आपटत राहिला. आतून ग्लेनिसचा बारीक आवाज येत होता.

आर्लनने कपाट एका हाताने उचलून फेकलं. मग गुडघ्यांवर बसला आणि जाकिटाच्या बाहीने तिची हनुवटी पुसू लागला. त्याचंच रक्त तिच्या अंगावर ठिबकत होतं, त्यामुळे पुसून उपयोग काही होत नव्हता. तो हुंदके देत होता. लोरेटाने चाचपडत फोन ओढला.

"हॅलो? … आहे गं, आहे. … थांब, थुंकते. … दोन दात. खालचे. … हो, ताब्यात औषध असलेल्या व्यक्तीचेच. लिही तू. … आणि जबडा, तो डावीकडे गेलाय की खोली तिरकी झालीय कळत नाही. … आर्लन, रडू नकोस रे. ऊठ. … माफीला फॉर्ममध्ये जागा नाही. … तुझी चूक नव्हती ती, टेपची होती, माझी होती. पण आता हात उचललायस, तेव्हा झालास तू चोर. मग नीट हो. … मी भिंतीकडे तोंड करून बसतेय. टेबलावर काय आहे, काय नाही, मला दिसत नाही."

तिने खुर्ची सरळ केली आणि भिंतीकडे वळवून तीत बसली.

"अजून उभाच आहे गं हा. … ऐक रे, एक गोळी लगेच, पोचल्या पोचल्या. राहून गेल्या म्हणून दोन-दोन घ्यायच्या नाहीत. आणि गोळी दिली की लगेच तिच्या किडनीच्या डॉक्टरांना फोन, ताप सांग, आकड्यासकट. … ग्लेनिस, हा सल्ला धरतात का? … मग दातांच्या कळेने बरळले असं धर. … आर्लन, तुला संध्याकाळपर्यंत पकडतीलच. रात्रीची गोळी कोण देणार ते वाटेत ठरव. तिची बहीण? … जा आता. अरे जा की मेल्या!"

टेबलावर कागद खसखसला. गोळ्या चिरडत जाणारी जड पावलं दारापर्यंत गेली आणि अर्ध्या दारावरून टांग पडल्याचा धप्प आवाज आला. ट्रक सुरू झाला. बऱ्याच लांबून सायरन येत होता.

"हं, विचार. … चोराचं नाव? आर्लन टेफ्ट. … ते लिहायलाच हवं, खोटं कसं सांगू? … काय नेलं? एक पाकीट. … हत्यार? करवत होती, पण माझ्यावर मूठ वापरली. … पुढे? … कुठल्या दिशेने गेला… थांब. नीट वाच, अक्षर न् अक्षर. … 'जाताना पाहिला का?' … नाही. पाहिला नाही. भिंत बघत होते मी."

पुलाची जमीन लोखंडी जाळीची होती. तिच्यावरून गाडी गेली की सगळ्या गावाला मधमाश्या उठल्यासारखी घूं ऐकू येई. लोरेटाने ती घूं सुरू झालेली ऐकली, नदीच्या मध्यावर बारीक होत गेलेली ऐकली, आणि पलीकडे विरलेलीही ऐकली. फॉर्ममध्ये ऐकण्याबद्दल प्रश्न नव्हता.

"पुढे सांग. … इमारतीचं नुकसान, वेगळ्या कागदावर. … आणि ग्लेनिस, किती पानी आहे गं हा फॉर्म? … सतरा? वा. … ठेवते आता, शेरीफची माणसं आलीत. दारात म्हणणार होते, पण दार नाही. … हो ना, त्यांनाही सांगते की. त्यांनी आपापलं काही विचारायच्या आत हाच फॉर्म सांगते, पहिल्या पानापासून, एकही रकाना न गाळता. … सावकाशच होणार गं, दात कुठे आहेत? … ठेवते."